डबल काचेची खिडकी घेण्याआधी

(सामुदायिक रेडिओवर महिला गटांसाठी झालेले भाषण)



मागच्या आषाढात एका रात्री माझ्या धाकट्या जावेचा फोन आला. "ताई, खिडकी बंद आहे, तरी गादी भिजली." ती उल्हासनगरला कॅम्प २ मध्ये राहते, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. घर तिसऱ्या मजल्यावर, खिडक्या पश्चिमेला, खाली रहदारीचा रस्ता. दिवसभर रिक्षांचे हॉर्न. मुलगी दहावीला होती. तिच्या अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून जावेने बचत गटातून कर्ज काढून दोन खिडक्या बदलून घेतल्या. पांढऱ्याशुभ्र, गुळगुळीत, यूपीव्हीसीच्या, डबल काचेच्या. बसवल्या तेव्हा शेजारणी येऊन बघून गेल्या.

पहिल्याच पावसात खालच्या पट्टीतून पाणी आत आले. श्रावण संपेपर्यंत दोन काचांच्या मधे धुके धरले, ते आतून पुसता येईना आणि बाहेरूनही पुसता येईना. दिवाळीपर्यंत एक झडप खाली टेकून घासायला लागली.

आम्ही पावती काढून बघितली. तिच्यावर एकच ओळ होती: "यूपीव्हीसी डबल काच विंडो, नग २." खिडकीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, डबल काच सांगितली होती, डबल काच दिली." मैत्रिणींनो, तो खोटे बोलत नव्हता. काचा दोनच होत्या. बाकी काय हवे ते आम्हाला ठाऊक नव्हते, म्हणून आम्ही विचारले नव्हते, आणि लिहून तर मुळीच घेतले नव्हते.

त्यानंतर मी काच कापणाऱ्यांना, फिटिंग करणाऱ्या मिस्त्रींना, फॅब्रिकेटरांना विचारत फिरले. जे समजले ते आज सांगते. तुमच्यापैकी कोणी म्हारळला घर बांधत असेल, कोणी वांगणीला, कोणाचा मुलगा बदलापूरला फ्लॅट घेत असेल. आता सगळीकडे याच पांढऱ्या खिडक्या दिसतात. पैसे मोजण्याआधी दहा मिनिटे ऐकून घ्या.

शिक्का वेगळा, माल वेगळा

आमच्या उल्हासनगरचा एक विनोद तुम्ही ऐकला असेल. हा मुळात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला लष्कराचा कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना इथल्या बराकींत आसरा मिळाला, आणि १९४९ मध्ये गावाला उल्हासनगर हे नाव मिळाले. रिकाम्या हाताने आलेल्या त्या लोकांनी कष्टाने बाजार आणि कारखाने उभे केले. इथल्या मालावर 'मेड इन यूएसए' लिहिलेले असते आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असे इथलेच लोक हसत हसत सांगतात. त्या हसण्यात शहाणपण आहे. शिक्का काय म्हणतो ते वाचावे, पण माल उलटून बघावा.

खिडकीच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे. 'जर्मन टेक्नॉलॉजी', 'साउंडप्रूफ', 'वीस वर्षे गॅरंटी' असे स्टिकर लावलेले असते. दर्जा मात्र पाच गोष्टींवर ठरतो: प्लॅस्टिकची पट्टी, तिच्या पोटातले स्टील, काच, रबर-कडी-कब्जे आणि बसवण्याचे काम. यातल्या बहुतेक गोष्टी खिडकी बसली की झाकल्या जातात. म्हणून बघायचे ते आधी बघावे लागते.

पट्टी कशाची आहे?

पीव्हीसी हे प्लॅस्टिक आपल्या ओळखीचे आहे. रेनकोट, टेबलावरचे रेक्झिन, मऊ नळी यात पीव्हीसी असते, आणि ते मऊ राहावे म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य घातलेले असते. ते न घालता केलेले कडक पीव्हीसी म्हणजे यूपीव्हीसी. त्याला वाळवी लागत नाही, ते पावसात फुगत नाही, गंजत नाही, त्याला दर दोन वर्षांनी रंग द्यावा लागत नाही. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात लाकडी झडप फुगून अडकते, लोखंडी चौकट गंजून पापुद्रे सुटतात. तेव्हा हे गुण खरेच मोठे आहेत.

पण सगळे यूपीव्हीसी सारखे नसते. आपल्यापैकी बऱ्याच जणी गटात पापड करतात, त्यांना हे लगेच कळेल. पापडात उडीद किती आणि स्वस्तातले पीठ किती, हे लाटलेला पापड बघून समजत नाही. तळल्यावर समजते. तसेच इथे. पीव्हीसीच्या भुकटीत उन्हापासून वाचवणारी टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड घालतात, ठोका सहन व्हावा म्हणून आणखी एक द्रव्य घालतात, उष्णतेत टिकावे म्हणून स्टॅबिलायझर घालतात. यातले महाग जिन्नस कमी करून खडूसारखी स्वस्त भुकटी वाढवली, तरी नवी पट्टी दिसायला पांढरीच असते. दोन-चार उन्हाळे गेले की ती पिवळी पडते आणि स्क्रूपाशी तडकते. खडूने पट्टीचे वजन वाढते, त्यामुळे "बघा किती जड आहे" हा काही चांगल्या मालाचा पुरावा नाही.

स्टॅबिलायझरमध्ये पूर्वी शिसे वापरत, आता कॅल्शियम-झिंक वापरता येते. पीव्हीसीच्या पाइपांतून शिसे हटवण्यासाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियमही केले. खिडकी कोणी चाटत नाही हे खरे, पण कापताना उडणारी पूड घरात पडते आणि रांगणाऱ्या बाळाच्या हाताला लागते. म्हणून "प्रोफाइल लेड-फ्री आहे का?" हे विचारा, आणि पट्टी शक्यतो कारखान्यात कापून आणायला सांगा.

आता तपासायचे कसे? प्रोफाइलचा कापलेला तुकडा मागा. फॅब्रिकेटरकडे असे तुकडे ढिगाने पडलेले असतात. तुकडा उभा धरला की आत भिंती आणि खण दिसतील. बाहेरून दिसणाऱ्या भिंतीची जाडी पट्टीने मोजा. युरोपातल्या मानकात चांगल्या वर्गासाठी ती किमान २.८ मिलिमीटर आणि त्याखालच्या वर्गासाठी किमान २.५ मिलिमीटर धरतात. याहून बरीच पातळ असेल तर खिडकी लहानच ठेवावी. प्रोफाइलच्या आतल्या बाजूला कंपनीचे नाव छापलेले आहे का तेही बघा. नाव नसलेला माल पुढे बिघडला तर दाद मागायला दार नसते.

कोपरेही बघा. चारही कोपरे यंत्रावर वितळवून जोडलेले असावेत. तिथे बारीक शिवण दिसते, फट दिसत नाही. फट असेल किंवा ती सिलिकॉनने भरलेली असेल तर ती खिडकी घेऊ नका.

पोटातले स्टील

यूपीव्हीसी कडक असले तरी स्टीलच्या मानाने फार लवचीक आहे, साधारण ८० पटींनी. त्यामुळे मोठ्या पट्टीच्या पोटात जस्ताचा मुलामा दिलेल्या स्टीलचे चॅनेल घालावेच लागते. वारा दाबतो, काच ओढते, ऊन ताणते, हे सगळे ते स्टील सांभाळते.

काच किती ओढते याचा हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर काचेचे वजन दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो. झडप एक मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच असेल, आणि तिच्यात ५ मिलिमीटरच्या दोन काचा असतील, तर नुसती काचच ३० किलो झाली. म्हणजे भरलेला गॅसचा सिलिंडर झडपेला टांगला आहे असे समजा. रोज उघडायची, रोज लावायची. स्टील नसेल तर ती झुकणारच.

चोरी इथेच होते, कारण आत काय आहे ते कोणाला दिसत नाही. कोणी स्टील घालतच नाही, कोणी पत्र्याएवढे पातळ घालते, कोणी पूर्ण लांबीऐवजी वीतभर तुकडे घालते. जोरदार लोहचुंबक लावून बघता येते, पण आतल्या खणांमुळे स्टील आत असूनही ते कधी कधी चिकटत नाही. खात्रीचा उपाय एकच. कोपरे जोडण्याआधी कारखान्यात जा आणि पट्टीच्या तोंडातून आत बघा. दोघी-तिघी मिळून गेलात तर आणखी चांगले. आपल्या भागातले कारखाने काही लांब नाहीत. स्टीलची जाडी साधारण १.२ ते २ मिलिमीटर असते; खिडकी जितकी मोठी तितके ते जाड लागते.

डबल काच काय करते, काय करत नाही

डबल काच म्हणजे नुसत्या दोन काचा नव्हेत. दोन काचांच्या मधे चारही बाजूंनी ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी असते. तिच्यात ओल शोषणारे बारीक दाणे भरलेले असतात. नव्या औषधाच्या बाटलीत किंवा चपलेच्या खोक्यात छोटी पुडी निघते ना, तसलेच काम. कडेने एकावर एक असे दोन थर लावून ती पोकळी हवाबंद करतात. मधली जागा बहुधा १२ मिलिमीटर असते. त्या कोंडलेल्या कोरड्या हवेमुळे साध्या एका काचेतून जेवढी उष्णता झिरपते, त्याच्या साधारण निम्मीच झिरपते.

कडेची ही हवाबंद जोडणी म्हणजे डबल काचेचा जीव. ती सुटली की दमट हवा आत जाते, दाणे ओल शोषून दमतात आणि काचेला आतून धुके धरते. मग ते पुसता येत नाही, पूर्ण काच बदलावी लागते. म्हणून काचेला जोडणीचे दोन थर आहेत का आणि धुके धरले तर किती वर्षे बदलून देणार, हे विचारा. जागेवर दोन सुट्या काचा टेपने चिकटवून 'डबल काच' देणारेही असतात. ती एका पावसाळ्याचीही नव्हे.

आता काय करत नाही ते ऐका. या खिडक्या १९५० च्या दशकात पश्चिम जर्मनीत सुरू झाल्या. तिथे थंडी कडाक्याची, घरात शेगडी पेटलेली आणि खिडकी बंद. आपल्याकडे उलटे. बदलापूर-अंबरनाथला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपलीकडे जातो तेव्हा आपण खिडकी उघडून बसतो. डबल काचेचे सगळे गुण बंद खिडकीचे आहेत. खिडकी उघडी तर काच एक असो की दोन, फरक शून्य. शिवाय थेट ऊन साध्या डबल काचेतून बरेचसे आत येते. ते अडवायला काचेवर ऊन परतवणारा खास थर असलेली काच लागते, नाहीतर आपला जुना छज्जा. पश्चिमेच्या खिडकीवर दोन फुटी छज्जा आणि बाहेरून लावलेली चटई किंवा हिरवी जाळी कमी पैशात पुष्कळ काम करते.

मग डबल काच कोणी घ्यावी? जिथे एसी चालतो, जिथे खिडकी बंद ठेवावीच लागते, रेल्वेचे रूळ किंवा मोठा रस्ता अगदी खाली आहे, तिथे तिचा उपयोग आहे. आवाजासाठी घेत असाल तर दोन्ही काचा एकाच जाडीच्या घेऊ नका. एक ५ आणि एक ६ किंवा ८ मिलिमीटरची घेतली तर आवाज जास्त अडतो. मधे पातळ थर घालून चिकटवलेली लॅमिनेटेड काच त्याहून चांगली. पण 'साउंडप्रूफ' हा शब्द कोणी वापरला तर तो सोडून द्या. आवाज कमी होतो, नाहीसा होत नाही.

काच फुटली तर काय, हेही बघा. टफन केलेली काच साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत असते, आणि फुटलीच तर तिचे सुरीसारखे तुकडे न होता बोथट खडे होतात. ती भट्टीत तापवून झटकन थंड केलेली असते, त्यामुळे नंतर कापता येत नाही. माप आधीच बरोबर द्यावे लागते. दारात, बाल्कनीत आणि जमिनीपर्यंत येणाऱ्या खिडकीत हीच काच घ्या. तिच्या कोपऱ्यात न पुसला जाणारा बारीक शिक्का असतो. इमारतीच्या सुरक्षा काचेचे भारतीय मानक आयएस २५५३ आहे. शिक्क्यात आयएसआयची खूण आणि हा आकडा शोधा.

सरकती की कब्जाची?

आपल्याकडे बाहेरून लोखंडी ग्रिल असते, खोल्या लहान असतात, आतून मच्छरजाळी हवी असते. म्हणून बहुतेक जणी सरकती खिडकी घेतात. ती सोयीची आहेच. पण सरकत्या खिडकीच्या कडेला ब्रशसारखी लव असते, आणि तिच्यातून थोडा वारा, थोडा आवाज येतच राहतो. कब्जाची झडप लावली की रबरावर दाबून बसते. ती जास्त घट्ट. आवाजासाठी डबल काचेवर खर्च करून खिडकी सरकती घेतली, तर निम्मे पैसे फटीतून गेले म्हणून समजा. माझ्या मते रस्त्याकडच्या खोलीत कब्जाची चांगली खिडकी एकाच जाड काचेची घेतली, तरी ती सैल सरकत्या डबल काचेपेक्षा उपयोगी पडते.

रबर काळे ईपीडीएमचे असावे आणि कोपऱ्यात तुटलेले नसावे. बोटाने दाबून सोडले की ते परत वर आले पाहिजे. कब्जे, स्क्रू आणि रोलर स्टेनलेस स्टीलचे घ्या. आपल्या दमट हवेत मुलामा दिलेले लोखंड लवकर गंजते. जड झडपेला कडी एकाच जागी नको. हँडल फिरवले की दोन-तीन ठिकाणी अडकणारे लॉक हवे.

दाराला हेच नियम, पण जास्त कडक. दारात स्टील जाड हवे, कब्जे किमान तीन हवेत, आणि बाल्कनीच्या दाराला उंबरा हवाच. उंबऱ्याशिवायचे दार दिसायला छान, पण नैऋत्येचा पाऊस सुरू झाला की पोतेरे घेऊन बसावे लागते.

पाण्याची भोके

आता माझ्या जावेच्या खिडकीकडे वळू. तिला वाटत होते की तीन वेगवेगळे बिघाड झाले. पुढे एका जाणत्या मिस्त्रीने खिडकी उघडली आणि म्हणाला, "रोग एकच आहे."

मैत्रिणींनो, कोणत्याही खिडकीच्या खालच्या पट्टीत पावसाचे थोडे पाणी जाणारच. चांगली खिडकी ते पाणी बाहेर काढून देते. त्यासाठी खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने लांबट भोके ठेवतात. आपण कौलांच्या पन्हळीला तोंड ठेवतो तसे. जावेच्या खिडकीला भोके पाडलेली होती, पण बाहेरून गिलावा करताना ती सिमेंटने बुजली होती. पाणी पट्टीत साठले आणि भरले की आत सांडले.

दुसरे असे, की काच पट्टीत थेट ठेवायची नसते. तिच्याखाली प्लॅस्टिकचे छोटे तुकडे ठेवतात, म्हणजे काच पाण्यापासून वर राहते आणि तिचे वजन कब्ज्याच्या बाजूला जाते. हे तुकडे ठेवलेलेच नव्हते. काचेची कड महिनाभर पाण्यात बसली, कडेची जोडणी सुटली, धुके धरले. आणि वजन नको त्या कोपऱ्यावर गेल्याने झडप झुकली. पाच-दहा रुपयांचे तुकडे आणि दोन भोके. एवढ्यासाठी हजारोंची खिडकी गेली.

बसवण्याचे काम

म्हणून मी म्हणते, निम्मा दर्जा कारखान्यात ठरतो आणि निम्मा तुमच्या भिंतीत. बसवायला माणसे आली की चहा द्या आणि तिथेच उभ्या राहा.

माप तीन ठिकाणी घ्यायला सांगा: वर, मधे, खाली. जुन्या भिंती सरळ नसतात. चौकट भिंतीत ठोकून बसवू नये. चारही बाजूंना थोडी फट हवी. कारण यूपीव्हीसी उन्हात वाढते. दोन मीटर लांब पट्टी ३० अंशांनी तापली तर सुमारे ४ मिलिमीटर लांबते. जागा नसेल तर ती वाकते आणि झडप अडकते. ती फट फोमने आणि बाहेरून चांगल्या सिलिकॉनने भरावी. नुसत्या सिमेंटने भरली तर पुढच्या उन्हाळ्यात तिथे चीर दिसेल.

चौकट बसली की सुतळी घ्या. एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत मोजा, मग दुसरा कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. हे तपासायला इंजिनिअर लागत नाही. खिडकीखालच्या कठड्याला बाहेरच्या बाजूने उतार आहे ना, तेही बघा. आणि प्रोफाइलवरचे संरक्षक प्लॅस्टिक काम झाल्यावर लवकर काढा. नवेपणा टिकावा म्हणून आपण ते ठेवतो, पण उन्हाने ते कायमचे चिकटते.

एक गोष्ट हात जोडून सांगते. जुन्या इमारतीत खिडकी मोठी करण्यासाठी भिंत किंवा खिडकीवरची तुळई फोडू नका. २०२१ च्या मे महिन्यात उल्हासनगरात एकाच महिन्यात दोन जुन्या इमारतींचे स्लॅब कोसळले, त्यातली एक आमच्या कॅम्प २ मधली. माणसे गेली. ती खिडक्यांमुळे पडली असे मी म्हणत नाही. पण जुन्या इमारतीची ताकद किती उरली आहे ते डोळ्यांना दिसत नाही, हे आम्ही त्या वेळी बघितले. आहे त्याच मापात खिडकी बदला. मोठी करायचीच असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

आणि दुसरी गोष्ट. नव्या खिडक्या घट्ट बसतात, जुन्या फटींतून येणारी हवा बंद होते. बाथरूममध्ये गॅसचा गीझर असेल, तर तिथे हवेची जागा कायम उघडी ठेवा. कोंडलेल्या जागेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. माणूस आंघोळीला जातो आणि बेशुद्ध पडतो. स्वयंपाकघरातही जाळीचा झरोका ठेवा. चुलीवर स्वयंपाक असेल तर घट्ट खिडकीचा विचारच नको.

लिहून घ्या

आपल्या गटात पाचशे रुपयांच्या कर्जाचीही नोंद होते. मग खिडकीची का नको? कोटेशनवर या गोष्टी लिहून घ्या:

प्रोफाइलची कंपनी आणि भिंतीची जाडी.
स्टीलची जाडी, आणि ते चौकटीत व झडपेत पूर्ण लांबीचे आहे असा उल्लेख.
दोन्ही काचांची जाडी, मधली जागा, काच टफन आहे की साधी.
खिडकी सरकती की कब्जाची. कब्जे, रोलर, लॉक कशाचे.
पाण्याची भोके आणि काचेखालचे तुकडे.
मच्छरजाळी, फोम, सिलिकॉन आणि बसवण्याची मजुरी दरात आहे की वेगळी.
धुके, गळती आणि झडप झुकणे यांची हमी किती वर्षे, आणि दुरुस्तीचा खर्च कोणाचा.

दर चौरस फुटावर सांगतात. दोघांचे दर तोलताना ही यादी समोर ठेवा, नाहीतर स्वस्त दरात स्टीलच नसायचे. पक्के बिल घ्या. आणि सगळे पैसे आधी देऊ नका, थोडी रक्कम तपासणीपर्यंत हातात ठेवा.

तपासणीही घरच्या घरी होते. झडपेत कागदाची पट्टी धरून ती लावा आणि कागद ओढा. सहज निघाला तर रबर दाबत नाही. अशी चारही बाजूंना परीक्षा करा. बाहेरून बादलीभर पाणी मारा, आणि ते भोकांतून बाहेर वाहते का बघा. रात्री काचेजवळ मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. डबल काचेत प्रकाशाची चार प्रतिबिंबे दिसतात, दर काचेची दोन. हे सगळे मिस्त्री समोर असताना करा.

पैसे कमी असतील तर काय करावे? सगळ्या घराला हलक्या खिडक्या लावण्यापेक्षा जिथे पाऊस आणि आवाज लागतो ती एकच खिडकी चांगली करा. बाकीच्या पुढच्या वर्षी. घरकुलाच्या मोजक्या पैशांत घर बांधत असाल तर आधी छज्जा, मग स्लॅबची गळती, मग खिडकी.

माझ्या जावेने भोके मोकळी करून घेतली, काचांखाली तुकडे बसवून घेतले, आणि मुलीच्या खोलीतली काच पदरचे पैसे घालून बदलली. या पावसाळ्यात गादी कोरडी राहिली. हॉर्न ऐकू येतात, पण लांबून आल्यासारखे. दुसऱ्या खिडकीतली धुकट काच अजून तशीच आहे. "हप्ते फिटले की बघू," म्हणते. गटाच्या बैठकीत आता कोणी खिडकीचा विषय काढला, की ती सगळ्यांना आपल्या घरी नेते आणि ती काच दाखवते.

तुमच्या गटात कोणी खिडक्या किंवा दारे करून घेणार असेल, तर ही यादी वहीत उतरवून तिच्या हातात द्या.